सात विहिरींची पाळी

दाणे दुसऱ्यांदा भरायचे म्हणजे उदयसिंगला पुन्हा शिडी चढणं आलं. भांडं काही फार मोठं नव्हतं, माणसाच्या दीडपट उंच, अंगावर पांढऱ्या लोकरीसारखं जाड आवरण गुंडाळलेलं. पण उदयसिंगचा उजवा गुडघा आता तिसऱ्या पायरीवरच कुरकुरायचा. वर पोचून त्यानं कापडी नळी भांड्याच्या तोंडात सोडली आणि खालून आलेली बादली हळूहळू रिकामी करू लागला. काळे, जड, चण्याएवढे दाणे, त्यांच्यावरून वायू गेले की अमोनिया तयार होतो. उंचावरून पडले की फुटतात, भुकटी होते आणि वायूची वाट बंद होते. म्हणून नळी थोडी थोडी वर घेत, भांड्याला लाकडी ठोकळ्यानं टकटक करत भरायचं. साठ किलो भरायला त्याला सकाळ लागली.

हे काम त्यानं बावीस वर्षं केलं होतं. वाशिम जिल्ह्यातल्या मानोऱ्याजवळच्या त्याच्या बंजारा तांड्यातली बाकीची घरं दिवाळी झाली की ऊसतोडीला जायची. उदयसिंग राठोड मात्र एका ठेकेदाराच्या टोळीबरोबर खताच्या कारखान्यांत जायचा. असे कारखाने दर वर्षा-दोन वर्षांनी महिनाभर बंद ठेवतात आणि आतले थकलेले दाणे काढून नवे भरतात. तोंडाला हवेची नळी लावून अंधाऱ्या भांड्यात उतरणारी माणसं लागतात, ती अशाच तांड्यांतून जातात. तिथल्या भट्ट्यांमध्ये शेकडो नळ्या उभ्या असत. त्यांतून गॅस आणि वाफ जाई, त्यातून हायड्रोजन निघे, हायड्रोजनचा अमोनिया होई आणि अमोनियाचा युरिया. गॅसमधला कार्बन धूर होऊन धुराड्यातून वर निघून जाई. उदयसिंगनं त्या धुराकडे कधी फारसं पाहिलं नव्हतं. पाहायची वेळ झाली की शिफ्ट सुटलेली असायची आणि डोळे मिटत असायचे.

पन्नाशी उलटल्यावर छाती धरू लागली. वाशिमच्या डॉक्टरनं सांगितलं, आता भांड्यात उतरायचं नाही. तो घरी आला. त्याच वर्षी पुण्याच्या एका कंपनीनं तांड्याबाहेरच्या गायरानावर दोन कंटेनर, एक भांडं आणि तीन एकरांवर सोलरच्या पाट्या उभ्या केल्या. गॅस नाही, भट्टी नाही. उन्हाच्या विजेनं पाणी फोडून हायड्रोजन काढायचा, हवेतून नायट्रोजन घ्यायचा आणि दोघांचा अमोनिया करून आसपासच्या गावांसाठी पातळ खत बनवायचं. दिवसाला चाळीस किलो. मोठ्या कारखान्यात एवढा अमोनिया एका मिनिटाच्या आत निघतो, पण कंपनीला हे दाखवून द्यायचं होतं, की धुराशिवाय होतं. दाणे भरायचं जाणणारा माणूस तांड्यातच आहे हे कळल्यावर त्यांनी उदयसिंगला बोलावलं. तो गेला, कारण संध्याकाळी घरी येता येत होतं.

पहिल्या वेळचे दाणे वाया गेले ते विजेपायी. नवे दाणे म्हणजे एका अर्थी गंजच असतो. चार दिवस चार रात्री भांडं सावकाश गरम करत न्यायचं, आतून हायड्रोजन फिरवायचा. गंज सुटतो, त्याचं पाणी होऊन खाली टपकतं आणि मागे उरतं ते लोखंड कामाला तयार होतं. मधेच भांडं थंड पडलं तर तेच पाणी दाण्यांवर बसतं आणि सगळं मातीमोल. या चार दिवसांत पाट्यांची दिवसाची वीज पाणी फोडण्यातच जायची, हीटरला पुरत नव्हती, आणि रात्रीचा तर प्रश्नच नव्हता. कंपनीसाठी वेगळी लाइन मंजूर होती, पण तिचे खांब आले नव्हते. तोवर जोडणी तांड्याच्या डीपीवरूनच, म्हणजे खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरवरूनच. त्या एका डीपीवर घरं होती, फय्याजची पिठाची चक्की होती, टाकीची मोटार होती आणि तांड्याला लागून असलेल्या सात विहिरींच्या मोटारी होत्या. पहिल्या खेपेला दुसऱ्या दिवशी सकाळी सातही मोटारी एकदम सुरू झाल्या, व्होल्टेज पडलं, हीटर बंद झाला. पुन्हा चालू करेस्तोवर भांडं निम्मं निवलं होतं.

"पुण्याचे म्हणतात जनरेटर लावा," योगिनी म्हणाली. ती या युनिटची इंजिनिअर, रिठदच्या शेतकऱ्याची मुलगी, वय सत्तावीस. गेल्या महिन्यात तिचं वजन इतकं उतरलं होतं की हातातलं घड्याळ कोपरापर्यंत सरकायचं. "चार दिवस डिझेल जाळा, पन सुरू करा म्हणतात."

उदयसिंग शिडीवरून उतरून पायरीवर बसला होता. हात काळे होते. "मंग लावा न जी."

"काका, डिझेलवरच उभं करायचं तर मंग आपन इथं काय करून राह्यलो? दोन ट्रक भरून पाट्या आनल्या त्या कायले?"

असल्या प्रश्नांना उत्तर देण्याची त्याला सवयच नव्हती. बावीस वर्षांत कुणी त्याला असं काही विचारलं नव्हतं. हात पुसत तो म्हणाला, "सात मोटारी हायेत. एका टायमाले दोनच चालल्या तर जमते का?"

योगिनीनं कागदावर आकडे मांडले. "दोन चालतील. आन चक्की दुपारची. पन ऐकतीन का लोक?"

"पाह्यतो," तो म्हणाला.

खरं तर त्याला माहीत होतं की तांड्यात त्याच्या शब्दाला वजन नाही. शब्दाला वजन येतं ते माणूस लग्नात पंगत वाढतो, मयताला खांदा देतो, भांडण सोडवायला मधे पडतो तेव्हा. उदयसिंग होळीला यायचा आणि परत जायचा. तांड्यातल्या निम्म्या पोरांची नावं त्याला माहीत नव्हती.

पहिल्यांदा तो चक्कीवर गेला. फय्याज मानोऱ्याहून रोज मोटारसायकलनं यायचा आणि भुवयांपर्यंत पांढरा होऊन परत जायचा. सगळं ऐकून घेऊन त्यानं पट्टा सैल केला.

"दुपारी एक ते चार चालवतो, उदयभाऊ. चार दिन की तो बात हाय. पन बायकाइले तुमी सांगा. मी सांगितलं तर दळन राहीन बाजूले, मलेच दळतीन."

बायकांना सोजरबाईनं सांगितलं. सोजरबाई म्हणजे उदयसिंगची बायको. नवरा बाहेर असताना बावीस वर्षं घर, दोन पोरींची लग्नं आणि एक एकर कोरडवाहू तिनंच पाहिलं होतं. तिचा शब्द चालायचा. ती नळावर उभी राहून एकदाच बोलली आणि विषय संपला. घरी येऊन मात्र नवऱ्याला म्हणाली, "आता याच्यापुढं कोनाले काही सांगाचं असलं तर सोताच्या तोंडानं सांगजा. मले कंपनी पगार देत नाई."

विहिरीवाल्यांकडे तो स्वतःच्या पायांनी गेला. दोन दिवस लागले. संक्रांत होऊन आठवडा झालेला, हरभरा फुलोऱ्यातून घाट्यावर आलेला, पाण्याची हीच वेळ. कुणी चहा दिला, कुणी बांधावर उभं ठेवूनच बोललं. एकानं विचारलं, कंपनी नोकरी देईल का पोराला. उदयसिंगनं खरं ते सांगितलं, की त्याच्या हातात नाही. तरी सहा जण कबूल झाले, पाळी लावून घेतली, सकाळी दोन, दुपारी दोन, संध्याकाळी दोन. सातवी विहीर राहिली. ती त्याच्या थोरल्या भावाची, धनसिंगची.

धनसिंग शेतात स्प्रिंकलरचे पाइप उचलून दुसऱ्या ओळीत लावत होता. पाइप खांद्यावर तसाच ठेवून त्यानं ऐकलं.

"तुयं भांडं गरम राह्यलं पाह्यजे म्हनून माया हरभरा वाळू देऊ का मी?"

"वाळत नाई, भिया. बाकीच्याइले पाळी देल्ली. पन तुयी मोटार साडेसात हार्सपावरची हाय. ते सुरू होते तवा एकदम ओढते, दुसऱ्या कोनाबरोबर बसत नाई. तुले चार दिस पुरी बंद ठेवा लागीन."

"म्हनजे सगळ्याइचं भिजीन आन भावाचं तेवढं कोरडं."

"हो," उदयसिंग म्हणाला.

धनसिंगनं पाइप खाली टाकला. जोडणीतून पाणी उडून दोघांच्या पायांवर आलं. "याडी गेली तवा तुयी चार दिस वाट पाह्यली आमी. सगळ्या तांड्यानं पाह्यली. बर्फ आनला दिग्रसहून. तवा तू कुठं होता?"

"भांड्यात होतो."

"भांड्यात," धनसिंग म्हणाला.

ते खरंच होतं. आई गेली तेव्हा तो कारखान्यात होता, फोन गेटवर जमा करावा लागे आणि शिफ्टवर शिफ्ट चालू होती. निरोप मिळाला तो तिसऱ्या दिवशी, आणि गाडी मिळाली ती त्यानंतर. हे सगळं त्यानं धनसिंगला तेव्हाही सांगितलं होतं. आता पुन्हा सांगण्यात अर्थ नव्हता. तो तसाच उभा राहिला. पायातल्या चपला चिखलात रुतत होत्या आणि त्या काढायचाही त्याला कंटाळा आला होता.

"मले आता काही बोलाचं नाई, भिया," शेवटी तो म्हणाला. "लय थकलो मी. नाई म्हनत असशीन तर नाई म्हन, मी जातो."

धनसिंगनं त्याच्याकडे पाहिलं. कदाचित पहिल्यांदाच नीट पाहिलं असेल. दाढी पांढरी झालेली, श्वास घेताना खांदे वर जाणारे.

"चार दिस बंद ठेवतो," तो म्हणाला. "पन पाचव्या दिसी तू ये. दोन एकरचे पाइप तू सोता बदलाचे. मी झाडाखाली बसून पाह्यतो."

"येतो."

सोमवारी सकाळी योगिनीनं हीटर चालू केला. त्यानंतरचे तीन दिवस उदयसिंगला सलग असे आठवत नाहीत. दर तासाला तापमान लिहायचं, खालची तोटी उघडून बाटलीत पाणी घ्यायचं, मोजायचं. सगळं मिळून पंधरा-सोळा लिटर निघायला हवं होतं. पहिल्या दिवशी अर्धा लिटरही निघालं नाही. दुसऱ्या दिवशी धार लागली. तो मधून मधून बाहेर येऊन विहिरींकडे कान द्यायचा. दोन मोटारींचा आवाज ओळखीचा झाला होता, तिसरा आला असता तर त्याला झोपेतही कळलं असतं. तिसरा आला नाही. सोजरबाई भाकरी घेऊन यायची, दोघांनाही जेवायला बसवायची आणि योगिनीला म्हणायची, "बाई, तुह्या मायले फोन कर. तिले वाटीन पोरगी मेली."

चौथ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला डीपीवर मोठा आवाज झाला. कुणाची मोटार नव्हती, कुणाची चूक नव्हती. डीपी म्हातारी होती, तीन दिवसांच्या ओझ्यानं तिचे तिन्ही फेज उडाले. सगळा तांडा बंद पडला. भांड्यावरचा तापमानाचा काटा चारशे साठवर होता आणि तेवढ्यात चारशे पंचावन्नवर आला.

योगिनी काट्यासमोर उभी राहिली. पुण्याला फोन लावला नाही. बारा लिटर पाणी निघालं होतं.

"मॅडम," उदयसिंग म्हणाला, "आता आना जनरेटर."

"काका..."

"आना जी. लोकाइनं चार दिस देल्ले. ते वाया नाई घालवाचे."

जनरेटर फय्याजनं आणवला. त्याचा मेहुणा शहबाज मानोऱ्यात लग्नाचे मंडप आणि लायटिंग करायचा. तो दीड तासात ट्रॅक्टरला जोडून जनरेटर घेऊन आला. त्यावर अजून आदल्या लग्नाची झालर लटकत होती. तोवर उदयसिंगनं आणि योगिनीनं घरोघरच्या गोधड्या आणून भांड्याभोवती बांधल्या, आणि पाट्यांवरून जेवढी वीज येत होती तेवढी हीटरला दिली. काटा चारशे दहापर्यंत उतरला आणि थांबला. जनरेटर सुरू झाला तेव्हा त्याचा काळा धूर गायरानावरून तांड्याकडे गेला. शहबाजनं विचारलं, "ये बिना धुएँ का कारखाना है ना?" योगिनी काट्याकडे वळली.

साडेपाच तास तो चालला. एक्केचाळीस लिटर डिझेल लागलं. दुपारी चारला तोटीतून पाणी थेंब थेंब यायला लागलं आणि पाचला थांबलं. उन्हं उतरायच्या आत योगिनीनं नायट्रोजनची वाट उघडली, दाब चढवला आणि दोघं वाट पाहत बसले. थोड्या वेळानं नमुन्याच्या नळीतून वास आला. नाकात सुई घुसावी तसा, डोळ्यांत पाणी आणणारा. उदयसिंग तो वास बावीस वर्षं ओळखत होता, पण तो नेहमी दुसऱ्याच्या कारखान्यातून, भिंतीपलीकडून यायचा. योगिनी रडत होती. वासानं की कशानं, ते त्यानं विचारलं नाही. "झालं जी," एवढंच म्हणाला आणि भिंतीला टेकून खाली बसला.

पाचव्या दिवशी वीज मंडळाच्या माणसांनी तिन्ही फेज जोडले आणि सकाळी नऊला मोटारी चालू झाल्या. उदयसिंग धनसिंगच्या शेतात हजर होता. धनसिंग बोलल्याप्रमाणे झाडाखाली बसला. हरभऱ्याची खालची पानं पिवळी पडली होती. फार नाही, पण पाहणाऱ्याला दिसावं इतकी. उदयसिंगनं पाइप उचलले, ओळीत लावले, तोट्या सरळ केल्या. एका जागी दोन तास, मग उचलून पुढच्या जागी. पहिली पाळी नीट झाली. दुसऱ्या पाळीला तो बांधावर टेकला आणि फिरणाऱ्या पाण्याचा चकचक आवाज ऐकता ऐकता त्याचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा सूर्य कलला होता. त्याच्या अंगावर धनसिंगचा दुपट्टा होता. पाइप शेताच्या दुसऱ्या टोकाला होते, शेवटच्या ओळीत, आणि धनसिंग गुडघाभर चिखलात उभा राहून एक तोटी दगडानं ठोकत होता.

"भिया, उठवलं काहून नाई?"

"उठवलं. तू उठला नाई," धनसिंग म्हणाला. "एका जागी पानी जास्ती झालं असतं तर हरभरा उबळून सडला असता. तुयासाठी नाई केलं." मग तोटीकडे पाहत म्हणाला, "तुया घशातून शिट्टी वाजते झोपेत. डॉक्टरले दाखवलं का?"

"दाखवलं."

"काय म्हने?"

"भांड्यात उतरू नको म्हने."

"मंग नको उतरू," धनसिंग म्हणाला.

युनिट चालू राहिलं. ऊन चढलं की भांडं जोरात, ऊन उतरलं की मंद. पूर्ण थंड पडू द्यायचं नाही, एवढं सांभाळायचं. ढगाळ दिवशी दहा किलो, चांगल्या दिवशी अठ्ठावीस. चाळीस कधी झाले नाहीत. फेब्रुवारीच्या शेवटी योगिनीनं पुण्याला पाठवायचा अहवाल उदयसिंगला वाचून दाखवला, कारण रोजच्या नोंदींवर त्याचीही सही होती. त्यात धुराचा हिशोब होता. सुरुवातीचे चार दिवस डीपीची वीज वापरली होती, ती कोळशाची. वर एक्केचाळीस लिटर डिझेल. ते सगळं धरलं तर पहिल्या आठवड्यातला किलोभर अमोनिया हा गुजरातेतल्या गॅसच्या कारखान्यापेक्षा जास्त धूर सोडून तयार झाला होता. पुढच्या आठवड्यांत आकडा खाली आला होता, खूपच खाली, पण शून्य नव्हता, कारण रात्री भांडं उबदार ठेवायला डीपीचीच वीज लागे.

"पुण्याचे म्हणतात, ते चार दिवस धरू नका," योगिनी म्हणाली. "सुरू करायचा काळ वेगळा असतो म्हणतात. सगळेच असं करतात. तुमी काय म्हणता?"

मोठ्या कारखान्यांतही बंद करून पुन्हा सुरू करायचे दिवस असत. तेव्हा उंच नळीवर रात्रंदिवस ज्वाळा जळायची, मैलावरून दिसायची. तपासणीवाले साहेब यायचे ते सगळं सुरळीत झाल्यावर. ज्वाळेचे ते दिवस कुठल्या कागदावर गेले की नाही, त्याला ठाऊक नव्हतं. पण धूर त्या दिवशीही वर गेलाच होता.

"मले तुमच्या कागदातलं कळत नाई," तो म्हणाला. "पन ते चार दिस सगळ्या तांड्यानं पाह्यले. नाई झाले असं कसं म्हनाचं?"

तिनं ते तसेच ठेवले. अहवाल गेला. अकरा दिवस पुण्याहून काही आलं नाही. योगिनीनं त्या अकरा दिवसांत आपलं सामान दोनदा आवरलं आणि दोनदा पुन्हा काढलं. तांड्यात गोष्ट पसरली की कंपनी उठणार. लोक उदयसिंगला रस्त्यात थांबवून विचारू लागले, आणि त्याच्या लक्षात आलं, की आता ते त्याला नावानं हाक मारतात.

बाराव्या दिवशी फोन आला. योगिनी कंटेनरच्या बाहेर उभी राहून बोलली आणि मग उदयसिंग बसला होता तिथं आली. तो पाण्याची गाळणी धूत होता.

"चिडले होते," ती म्हणाली. "पन ज्यांनी पैसा लावला, त्या लोकांनी आकडा मागितला, आन खरा आकडा पाहून तेच म्हणाले म्हणे, की आधी लाइन द्या. खांब पुढच्या आठवड्यात येतात. आन होळीनंतर दुसरं भांडं येतं, मोठं. सुरू करायला डीपी लागणार नाई, कोणाची मोटार बंद ठेवायला लागणार नाई."

"बरं झालं जी."

"तुमाले आनंद नाई झाला, काका?"

"झाला न," तो म्हणाला. आणि झालाही होता. पण तो कुठंतरी आत, झोपेच्या खाली होता, आणि तिथून वर यायला त्याला वेळ लागणार होता. त्यानं गाळणी झटकली, उन्हात ठेवली. "तोंड किती उंच हाय त्याचं? नव्या भांड्याचं?"

योगिनीनं फोनवर चित्र शोधलं. "साडेबारा फूट."

उदयसिंगनं गुडघ्यावर हात ठेवला आणि मनातल्या मनात पायऱ्या मोजल्या.

"मंग वर चढाले दुसरा मानूस पाहा," तो म्हणाला. "मी खालून सांगतो."